मोहनरावांची मान

प्रॉम्प्टर प्रेक्षकांना दिसत नाही. दिसला, तर त्याचे काम चुकले असे समजायचे. त्यामुळे बडोद्यात मराठी नाटके पाहून म्हातारे झालेले लोक मला अजून ओळखतात, "राणीचं काम करायच्या त्या तुम्हीच ना?" म्हणून रिक्षात सरकून जागा देतात, पण मोहनराव दिघे शेजारून गेले तर कुणाची नजर वळत नाही. आणि खरे सांगू? त्या राणीचे प्रत्येक वाक्य अठ्ठावीस वर्षे मोहनरावांच्या मानेवर तोललेले होते.

मानेवर म्हणजे कसे, ते आधी सांगते. पुढची सगळी गोष्ट त्या मानेचीच आहे.

आमची मंडळी हौशी. कुणी शिक्षक, कुणी बँकेत, कुणी कॉलेजात. मोहनराव सत्तर साली आले, बावीस वर्षांचे, सायकलवरून. अभिनय येत नाही हे त्यांनी पहिल्याच दिवशी स्वतःहून सांगून टाकले आणि विंगेतले स्टूल पकडले. मांडीवर वही, वहीवर टॉर्च. आम्ही बोलू लागलो की त्यांचे ओठ आमच्याबरोबर हलत आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी मान खाली-वर होई. ती मान म्हणजे होकार नव्हे. शाबासकी तर नव्हेच. "ऐकलं, जागेवर आहे, पुढे चला," एवढाच तिचा अर्थ. मान थांबली की समजायचे, आपण काहीतरी गाळले. एकदा संतापाच्या भरात मी दीड पान ओलांडून पुढे गेले. विंगेकडे पाहते तो मोहनरावांची मान दगडासारखी! मी दासीकडे पाणी मागितले. नाटकात पाणी कुठेच नव्हते, पण ती बिचारी आत पळाली, आणि तेवढ्या वेळात विंगेतून मागची ओळ हलकेच आली. दुसऱ्या दिवशी लोक म्हणाले, पाण्याचा प्रसंग फार छान घेतलात.

पोटासाठी मोहनराव रावपुऱ्यातल्या एका कचेरीत नकला ताडून पाहत. जुना कागद एका हाताला, नवी नक्कल दुसऱ्या हाताला, आणि मध्ये ओठ हलवणारे मोहनराव. तिथेही मान चालूच. पंचवीस पानांत एक काना राहिला असेल तर तो त्यांना सापडायचाच. लग्नाची पत्रिका आली तरी ते छापखान्याच्या नावापर्यंत वाचतात. त्यांची बायको दुर्गा म्हणते, "मला पाहायला आले तेव्हा माझ्याकडे कमी आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे जास्त बघत होते. पोह्यांच्या दोन घासांत चारी बाजूंच्या जाहिराती वाचून झाल्या यांच्या."

आता दोन हजार चौदा सालाकडे येते.

दुर्गाची थोरली बहीण कमला आमच्या मंडळीतली पहिली नायिका. रंगमंचावर हात कुठे ठेवायचे हे मला तिने शिकवले. पुढे डॉक्टर नवऱ्याबरोबर विलायतेला गेली ती स्कॉटलंडच्या पश्चिमेला एका बेटावर स्थायिक झाली. नवरा गेला, मूलबाळ नव्हते, तरी ती तिथेच राहिली. त्या वर्षी तिला एक्क्याऐंशीवे लागले होते. म्हणजे सहस्रचंद्रदर्शन. आयुष्यात हजार पौर्णिमा पाहिलेल्या माणसाला घरच्यांनी दिव्यांनी ओवाळायचे. फोनवर दुर्गा म्हणाली, "तिथे कुणाला तरी बोलाव गं, ओवाळायला."

कमला म्हणाली, "इथे मला ओवाळणारं कोण? पोस्टमन? तू येणार असशील तर ओवाळून घेईन. नाहीतर हजार पाहिले तसे आणखी दोन-चार गपचूप पाहीन."

दोघी बहिणींची भेट एकोणीस वर्षांत नव्हती. दुर्गाने फोन ठेवला आणि पदराने चष्मा पुसत म्हणाली, "अहो, जायचं." मोहनरावांनी मान हलवली. मग माझ्याकडे वळून दुर्गा म्हणाली, "निरुताई, तुम्हीसुद्धा." मला दोनदा विचारावे लागत नाही.

बेटावर जायचे तर विमानतळावरून अडीच तासांचा रस्ता, मग बोट. रविवारी बोट एकच, चार वाजता. त्या बोटीला मिळेल अशी बस रविवारी नव्हती, आणि ओवाळायचे सोमवारी सकाळी. तेव्हा विमानतळावर गाडी भाड्याने घ्यायची असे ठरले. तिथे वाहने आपल्यासारखी डावीकडून चालतात आणि आपला परवाना चालतो. मोहनरावांचा हात तसा स्थिर; त्यांच्या गाडीत बसून अकोट्याच्या पुलावरून जाताना मी निवांत डुलकी काढते.

अडचण निघाली ती अकोट्याच्या भास्कररावांकडून. ते नुकतेच मुलाकडे परदेशी जाऊन आले होते.

"दोनशेची गाडी पाचशेला पडली," ते म्हणाले. "काउंटरवरची पोरगी इतकं गोड बोलली की मी काय काय घेतलं ते मलाच कळलं नाही. हे घ्या तिचं बिल. जपून ठेवलंय. रडायला."

दुसरा कोणी असता तर "अरेरे" म्हणून चहा प्यायला असता. मोहनरावांचे डोळे चकाकले. "भास्करराव, करार आहे का? वाचायला मिळेल?"

"अहो, एवढं बारीक कोण वाचतं?"

"बारीक छापलंय म्हणूनच."

तो करार घेऊन ते घरी आले आणि दीड महिना त्यात राहिले. मग जिथे गाडी ठरवायची होती त्या कंपनीच्या अटी छापून आणल्या, चौदा पाने, आणि पेन्सिलीने खुणा करत बसले. मी संध्याकाळी जायची ती शेव-उसळ खायला, पण हळूहळू मलाही त्या कागदांची गोडी लागली. दोनशेची गाडी शेवटी पाचशेची होतेच कशी? हे कुतूहल मला स्वस्थ बसू देईना.

"निरुताई, नाटकाच्या वहीत कंसातल्या सूचना असतात ना," मोहनराव सांगू लागले, "तसं आहे हे. मोठ्या अक्षरात गाडी. कंसात भाडं. हे पाहा: पेट्रोल. टाकी भरून घ्यायची आणि भरून परत करायची, हा सरळ मार्ग. पण ते म्हणतात, टाकीचे पैसे आधीच द्या, रिकामी आणून द्या. आपण अर्धी उरवली तर ती अर्धी त्यांची."

"आणि विमा?"

"पैसे जायचं मोठं दार तेच. साधा विमा असतो, पण गाडीला खरचटलं तर पहिले बाराशे पौंड आपले. मग काउंटरवर म्हणतात, रोजचे तेवीस द्या आणि निर्धास्त व्हा. म्हणून मी आधीच असं भाडं निवडलंय की ते बाराशे आपल्यावर येतच नाहीत. थोडं महाग आहे, पण सगळं आत. तरी तिथे ते पुन्हा विचारणार. आपण घेतला तर एकाच डोक्यावर दोन छत्र्या."

रस्ता दाखवणारे यंत्र रोजचे बारा, ते फोनमध्ये फुकट. रस्त्यात गाडी बंद पडली तर मदत, रोजचे सहा, ती आधीच करारात. दुसरा कुणी चालवणार असेल तर त्याचे वेगळे. अनामत तीनशे, ती कार्डावर अडकून राहते. आणि कार्ड चालवणाऱ्याच्याच नावाचे हवे. मोहनरावांच्या कार्डाची मर्यादा पंचाहत्तर हजार रुपये. भाडे दोनशे चाळीस पौंड, ते आणि अनामत मिळून चौपन्न हजार रुपये होत होते. हिशेब बसत होता, पण भास्कररावांसारखे झाले असते तर नसता बसला.

"म्हणजे गोड पोरीला नाही म्हणता आलं पाहिजे," दुर्गा म्हणाली. "आणि तुम्हाला तर भाजीवाल्यालाही नाही म्हणता येत नाही. काल दुधी घेऊन आलात. दोघं आहोत घरात, तीन दुधी!"

तेव्हा मी उभी राहिले. "तालीम घेऊ."

माझ्या सुभानपुऱ्याच्या घरात इस्त्रीचे टेबल मांडले. पलीकडे मी, गळ्यात पट्टा, ओठांना रंग. अलीकडे मोहनराव, हातात कागद. दुर्गा सोफ्यावर, प्रेक्षक. मी काय काम केले म्हणून सांगू! सोळा वर्षांनी भूमिका मिळाली होती. मी विम्याची भीती घालताना आवाज खाली नेला, पेट्रोलची सोय सांगताना हसले, आणि प्रत्येक भाषण संपल्यावर नटाने थांबावे तशी थांबले. त्या थांब्यावर मोहनरावांनी म्हणायचे, "नो, थँक यू." पहिल्या दिवशी त्यांचा आवाज निघेना. तिसऱ्या तालमीला असा ठणठणीत "नो, थँक यू" आला की शेजारच्या मृदुलाबेन दारात येऊन म्हणाल्या, "शुं थयुं? कुणी सेल्समन आलाय का?"

त्या सगळ्या तालमींत मी बोलत असताना मोहनरावांची मान हलत होती. मी पाहत होते. दुर्गाही पाहत होती. आणि आम्हा दोघींना ती मान हलते आहे हेच बरे वाटत होते. अठ्ठावीस वर्षांची सवय!

जूनमधल्या रविवारी आम्ही उतरलो. विमान उशिरा आलेले. काउंटरशी पोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते. बोटीवर गाड्या घेणे वीस मिनिटे आधी बंद होते, म्हणजे एकच्या आत निघायलाच हवे होते. काउंटरवर तांबूस केसांची हसरी मुलगी. छातीवर नावाची पट्टी होती, तिचा उच्चार ती "आयला" असा करत होती. दुर्गा माझ्या कानात म्हणाली, "या नावाने मी तरी हाक मारणार नाही बाई."

मुलगी बोलू लागली. गोड, भरभर, गाण्यासारखे. मोहनराव कागद समोर धरून ऐकत होते. ओठ हलत होते. तिने विम्याचे सांगितले, मान खाली-वर. पेट्रोलचे सांगितले, खाली-वर. यंत्र. मदत. आम्ही दोघी निर्धास्त. सगळे जागेवर चालले होते. आता ती थांबेल आणि "नो, थँक यू" येईल म्हणून मी माझ्या जागी थोडी पुढेही झुकले.

ती थांबलीच नाही. टक, टक, टक करून तिने बोटे चालवली आणि कार्ड मागितले. यंत्राने कार्ड घेतले, क्षणभर विचार केला आणि ते नाकारले.

"सॉरी सर," ती म्हणाली, "मर्यादा पुरत नाही. दुसरं कार्ड आहे?"

दुसरे कार्ड नव्हते. दुर्गाने माझा दंड धरला. "गाडी नाही मिळणार? निरुताई, बोट…"

मोहनराव मात्र गडबडले नाहीत. "सही केलेली नाही," ते म्हणाले. "मला छापील कागद द्या. वाचल्याशिवाय सही नाही." कागद आला. पेन्सिल खाली सरकू लागली आणि चार ठिकाणी थांबली. विमा. पेट्रोल. यंत्र. मदत. तीनशे सोळा पौंड जास्त.

"हे मी मागितलं नाही," मोहनराव म्हणाले.

ती मुलगी खरोखरच गोंधळली. "पण सर, मी प्रत्येक गोष्ट विचारली. तुम्ही हो म्हणालात."

"मी एक शब्दही बोललो नाही."

"तुम्ही मान हलवलीत! चारही वेळा!"

मोहनरावांनी माझ्याकडे पाहिले. "मी मान हलवली?"

आणि मला कळले की अठ्ठावीस वर्षे ज्या मानेकडे पाहून आम्ही जगलो ती हलते हे त्या माणसाला ठाऊकच नाही. त्यांना कोण सांगणार? आम्हाला वाटायचे ते मुद्दाम करतात. मला हसू आले आणि त्याच्याच पाठोपाठ लाज वाटली. तालमीत दर भाषणानंतर झोकात थांबणारी मी. काउंटरवरच्या मुली थांबत नसतात, हे माझ्यासारख्या नटीला कळायला हवे होते. चूक दिग्दर्शनाची होती.

मुलगी चांगली होती. म्हणाली, "रद्द करून पुन्हा सुरू करते. पण नियम आहे, प्रत्येक गोष्ट पुन्हा विचारावी लागेल." भिंतीवरच्या घड्याळात साडेबारा झाले होते. तिने विमा सुरू केला. मान खाली गेली.

"अहो, मान!" दुर्गा ओरडली.

"मी काही केलं नाही!"

"आत्ता हलली! धरू का मी हनुवटी?"

मुलीने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पुन्हा मान. मोहनरावांनी कपाळावरचा घाम पुसला. मग कागद हातात घेऊन ते दोन पावले मागे सरकले, एका उंच जाहिरातीच्या फळीआड गेले आणि तिथूनच म्हणाले, "निरुताई, तुम्ही पुढे व्हा. मी मागून देतो."

मी पदर सावरला. मुलीला सांगितले, "गाडी त्यांची, कार्ड त्यांचं, सहीही तेच करतील. बोलणार मी."

ती म्हणाली, "म्हणजे वकील?"

"नाही बाळ. नटी."

तिने विमा विचारला. फळीमागून हलकेच आले, "आधीच आहे. नो, थँक यू." मी ते मोठ्याने म्हटले. पेट्रोल. "भरून घेऊ, भरून देऊ." म्हटले. यंत्राचे सांगताना ती एवढे गोड हसली की माझे मन विरघळले. पोरीला काहीतरी विकू द्यावे असे वाटले. तोंड उघडले होते मी. मागून आवाज आला तो नाटकात कधी आला नव्हता इतका करडा: "नो!" मदत. "करारात आहे, पान नऊ." मी म्हटले, "पान नऊ!" मुलीने पान नऊ काढून पाहिले आणि तिच्या भुवया वर गेल्या. "खरंच आहे," ती म्हणाली. "मलाही माहीत नव्हतं."

शेवटी कार्डाच्या यंत्रावर प्रश्न उमटला आणि मुलीने तो वाचून दाखवला: रुपयांत द्यायचे की पौंडांत? ओळखीचे रुपये पाहून मोहनरावांच्या वतीने माझे बोट तिकडे निघालेच होते. फळीमागून आले, "पौंड! रुपयांत घेतलं तर भाव त्यांचा." पौंड. यंत्राने विचार केला. कार्ड पास झाले. मोहनराव बाहेर आले आणि सही करण्याआधी त्यांनी सगळे पान पुन्हा वाचले. दुर्गाने या वेळी खरेच त्यांची हनुवटी धरून ठेवली होती.

एकला सात कमी. गाडी समोर, आणि हा माणूस फोन काढून तिच्याभोवती फिरतोय! चाके, काच, दारे, छप्पर, टाकीचा काटा.

"बोट तुमच्या फोटोंसाठी थांबणार आहे का?" दुर्गा गाडीत बसून ओरडत होती.

"सही माझी आहे," ते शांतपणे म्हणाले आणि मागच्या दारावरचा बोटभर ओरखडा टिपून घेतला. सहा दिवसांनी गाडी परत करताना तिथल्या माणसाने नेमका त्याच ओरखड्यावर हात ठेवला. मोहनरावांनी तारखेसह फोटो दाखवला आणि तो माणूस हात मागे घेऊन हवापाण्याबद्दल बोलू लागला. पण ते नंतरचे.

त्या दिवशी आम्ही धक्क्यावर पोचलो ते तीन चौतीसला. रांगेतली शेवटची गाडी आमची. बोट हलली तेव्हा दुर्गाने आपला मफलर काढून मोहनरावांच्या गळ्याभोवती घट्ट गुंडाळला. "बडोद्याला पोचेपर्यंत ही मान हलवायची नाही. कळलं?"

मोहनराव म्हणाले, "हो." तोंडाने.

सोमवारी सकाळी कमला पाटावर बसली. केस पांढरेशुभ्र, कणा अजून नायिकेचा. ताटांत एक्क्याऐंशी दिवे, अर्धे बडोद्याहून कापसात गुंडाळून आणलेले, अर्धे तिथल्या मेणबत्त्या. मोहनरावांना पाहून ती म्हणाली, "प्रॉम्प्टर आला. आता करा सुरू." त्यांनी स्वयंपाकघरातले स्टूल आणले आणि बाजूला बसले. मांडीवर वही. त्या वहीत दुर्गाच्या आईचे ओवाळण्याचे गाणे होते. निघण्यापूर्वी त्यांनी दुर्गाकडून ते शब्दन्‌शब्द उतरवून घेतले होते.

दुर्गाने ताट उचलले. दोन कडवी नीट झाली. तिसऱ्या कडव्यात आईचे नाव येते. तिथे ती थांबली. बहिणीचा चेहरा दिव्यांमागे हलत होता, आणि दुर्गाला पुढची ओळ आठवेना. तिने स्टुलाकडे पाहिले. मफलर बांधून मोहनराव ताठ बसलेले, मान दगडासारखी.

त्यांनी हलक्या आवाजात ओळ दिली. दुर्गाने ती घेतली, पण अर्ध्यावर पुन्हा थांबली. पुढे जायला तिला धीर होईना.

"अहो," ताट तसेच धरून ती म्हणाली, "हलवा की आता मान!"